बिल्ला नंबर ११४७

रविवारी सकाळी खजुरी बाजारात
दुकानं उघडायच्या आधी नसरू गोणपाट पसरतो.
कुलुपं, नळाच्या तोट्या, स्टोव्हची बर्नरं,
आणि डालडाच्या एका डब्यात नाणी.
तो डबा माझ्यासाठी गुडघ्याखाली दाबून ठेवतो,
म्हणतो, "बाई, आज होलकर आए हैं,"
जसे काही टांग्यातून उतरलेत.

सूर्याचं तोंड होतं खरं, गालावर छिन्नीचा घाव.
फरशीवर टाकलं. खणकन नाही, थप्प.
शिसं.
परत दिलं.

घरचे म्हणतात, हिला नाद लागलाय.
लागलाच आहे. सत्तावीस वर्षं
मी दुसरं काय ऐकत आलेय?

पहिला रुपया मी चिंचेनं घासून लख्ख केला होता.
दीडशे वर्षांचा काळोख मोरीतून वाहून गेला,
उरलं ते वाटीसारखं चकचकीत, मुकं.
अजूनही घरात चिंच आणली
की कपाटाची किल्ली कनवटीला लावते.

त्या दिवशी डब्याच्या तळाशी हा होता.
पितळेचा, गोल, वर भोक.
राजा नाही, साल नाही, किंमत नाही.
मिलचं नाव झिजून एक "स्पि" राहिलेला,
त्याखाली आकडे ठोकलेले, एक जरा वाकडा: ११४७.
नसरूनं तराजूत टाकला.
"पीतल का भाव दे दो."
पंधरा रुपये.

होळकरांची वंशावळ मला तोंडपाठ आहे.
या अकराशे सत्तेचाळीसची कुठे शोधायची?

परदेशीपुऱ्यात तीन रविवार गेले.
न्हावी म्हणाला, अकराशे म्हणजे साचाखातं.
पानवाला म्हणाला, रात्रपाळी.
मग कुणीतरी बोट दाखवलं:
भिवसन निकुंभ, मूळ एरंडोलकडचे,
ओट्यावर बसून सुनेच्या दुकानासाठी लसूण सोलत होते.

मी बिल्ला तळहातावर ठेवला.
त्यांनी आधी हुंगला.
मग धोतराच्या सोग्यानं घासायला लागले,
अंगठ्यानं गोल गोल,
आणि माझ्या तोंडाशी आलं, घासू नका,
जुनं रूप जातं.
गिळलं.

"सूनबाईनं स्टोव्हबरोबर विकला असंल," ते म्हणाले.
"आत जाताना हा घ्यायचा. सुटताना फळीवर लटकवायचा.
फळीवर खिळा मोकळा दिसला
तर समजायचं, माणूस आत हाय.
एकदा पट्ट्यात हात गेला एकाचा,
तवा मोकळ्या खिळ्यावरनंच कळलं, कोण ते."

लसणाची सालं वाऱ्यानं उडाली. त्यांनी गोळा नाही केली.

"शेवटच्या पाळीला भोंगा झाला, बाहेर आलो,
तर टाइमकीपरची फळीच उतरवलेली.
कुठं लटकवणार?
खिशात घालून घरी आलो सगळे.
पैसे आज देतो, उद्या देतो,
त्यातच पोरं बापाएवढी झाली."

"तुमचाच आहे, ठेवा," मी म्हटलं.
त्यांनी माझी मूठ मिटवली.
हाताला लसणाचा वास, तो अजून आठवतो.
"नको. जवळ असला का
मध्यरात्री पाय आपोआप चपला शोधत्यात."

घरी आल्यावर अल्बम उघडला.
प्लॅस्टिकचे ओळीनं खिसे,
होळकर, शिंदे, गायकवाड,
शाळेच्या रौप्यमहोत्सवाची पदकं, कुस्तीचा एक बिल्ला.
एक खिसा रिकामा होता, अगदी मापाचा.
बिल्ला अर्धा आत सरकवला
आणि थांबले.

खिसा.

हातोडी शेजारच्या पळशीकरांकडून आणावी लागली.
दुपारची वेळ, त्यांची झोपमोड झाली,
खिळाही तिरका गेला, भिंतीचा पोपडा पडला.
लटकवला.
जरा वेळ हलत राहिला, मग राहिला.

रात्री वहीत नोंद केली, नेहमीसारखी:
पितळ. बावीस ग्रॅम. कड झिजलेली.
एका बाजूला नुकतंच घासल्याची चकाकी.
किंमतीचा रकाना कोरा.
स्थितीच्या रकान्यात मी एरवी लिहिते
उत्तम, बरी, किंवा खराब.

लिहिलं: सुटला.